लेझरच्या उजेडातले दाणे

लेझर पॉइंटर हाताशी असेल तर खोली अंधारी करा, पॉइंटरच्या तोंडाशी एखादं साधं भिंग धरा आणि झोत पसरवून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर टाका. झोत कुणाच्या डोळ्यांवर किंवा आरशावर जाणार नाही एवढी काळजी घ्या. भिंतीवर सपाट लाल वर्तुळ उमटेल अशी आपली अपेक्षा असते. दिसतं ते वेगळंच: रवाळ, चमचमतं, बारीक काळ्या-लाल दाण्यांनी भरलेलं. डोकं किंचित हलवलं की दाणेही सरकतात. मूठ वळून तिच्या बारीक फटीतून पाहिलं तर ते मोठे होतात. चष्मा काढला तर भिंतीवरच्या चिरा पुसट होतात, दाणे मात्र तेवढेच रेखीव राहतात. लघुदृष्टीच्या माणसाने बिनचष्म्याने पाहिलं तर दाणे डोक्याच्या उलट दिशेने धावतात. दूरदृष्टी असलेल्याला ते डोक्याबरोबर जाताना दिसतात. या गमतीचा उपयोग करून चष्म्याचा नंबर काढण्याची पद्धतही १९६० च्या दशकात निघाली होती.

त्या एकाच भिंतीकडे चार माणसं पाहत असतील तर चौघांना चार वेगळे नमुने दिसतात, कारण दाणे भिंतीवर नसतातच. ते ज्याच्या त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर तयार होतात. कॅमेरा लावला तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर. यांना स्पेकल म्हणतात. लेझरने प्रतिमा घेणाऱ्यांचा, त्यातही होलोग्राफीवाल्यांचा, हा जुना वैरी आहे. तो घालवण्याची खटपट साठ वर्षं चालू आहे आणि तिचं निम्मं यश भौतिकशास्त्राचं, निम्मं जुगाडाचं आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: दाणे फुकट जात नाहीत. जो उपाय करावा तो काहीतरी मोबदला मागतो. कधी वेळ, कधी बारकावा, तर कधी लेझरचं लेझरपणच. कोणत्या कामासाठी कोणता मोबदला परवडतो, एवढाच खरा प्रश्न असतो.

आधी दाणे येतात कुठून ते पाहू. लाल पॉइंटरच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाच्या आसपास. या मापाने पाहिलं तर घोटून गुळगुळीत केलेली भिंतसुद्धा खाचखळग्यांनी भरलेली असते. तीन मीटरवरून पाहताना आपल्या डोळ्याला भिंतीवरचा साधारण एक मिलिमीटरचा तुकडा हा एकच बिंदू वाटतो. त्या मिलिमीटरभर तुकड्यात असंख्य उंचसखल जागा असतात. प्रत्येक जागेवरून परतलेली प्रकाशलहर थोडं कमी किंवा थोडं जास्त अंतर कापून डोळ्यात शिरते. अंतर अर्ध्या तरंगलांबीने बदललं तरी लहरीचा उंचवटा येण्याच्या ठिकाणी खळगा येतो. म्हणजे पडद्यावरच्या एका बिंदूवर असंख्य लहरी येऊन मिळतात, पण प्रत्येकीची कला, म्हणजे त्या क्षणी ती चढावर आहे की उतारावर, ही पूर्णपणे नशिबाची बाब असते. कुठे लहरी एकमेकींना साथ देतात आणि लखलखीत दाणा उमटतो, तर कुठे त्या एकमेकींना मारतात आणि काळा ठिपका उरतो.

अशा अनेक लहरींच्या बेरजेचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८८० मध्येच मांडलं होतं. पुढे १९०५ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी ‘नेचर’मधून एक कोडं विचारलं: एक माणूस काही पावलं एका दिशेने चालतो, मग मनाला येईल तसा वळून तेवढीच पावलं पुन्हा चालतो, असं अनेकदा केल्यावर तो मूळ जागेपासून किती दूर सापडेल? रॅले यांनी आपलं जुनं गणित पुढे केलं. त्यावर पिअर्सन यांनी शेरा मारला की दारुड्याला शोधायचं तर तो निघाला त्या जागेच्या आसपास शोधावं. स्पेकलची सगळी तऱ्हा या दारुड्यात आली. प्रत्येक लहर म्हणजे एक पाऊल. शेवटी तो जितका दूर पोहोचला त्याचा वर्ग म्हणजे त्या बिंदूवरचा उजेड. तो बहुतेक वेळा घराजवळच घुटमळतो, म्हणून स्पेकलच्या नमुन्यात अंधाराचं राज्य असतं. सरासरीपेक्षा कमी उजेडाच्या जागा ६३ टक्के, आणि सरासरीच्या तिपटीहून जास्त लखलखणाऱ्या जागा जेमतेम ५ टक्के. उजेडातला चढउतार सरासरीच्या तुलनेत किती, या गुणोत्तराला काँट्रास्ट म्हणतात. पूर्ण विकसित स्पेकलमध्ये ते बरोबर १ असतं. म्हणजे चित्रात जेवढा उजेड, तेवढीच गडबड.

या आकड्याचा एक परिणाम फारसा कुणी आधी ओळखत नाही. अंधाऱ्या फोटोतला रवा घालवायचा तर आपण उजेड वाढवतो. इथे तसं करून भागत नाही. लेझरची ताकद दसपट केली तर सरासरी दसपट होते आणि चढउतारही दसपट होतो. गुणोत्तर जिथल्या तिथे. जोर लावून हा दोष हटत नाही.

मग साध्या दिव्याखाली भिंत सपाट का दिसते? नियम तर तेच आहेत. दिव्यात असंख्य तरंगलांबी असतात, त्याचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उजळतो आणि प्रत्येकाचा दाणेदार नमुना वेगळा असतो. हे नमुने इतक्या झपाट्याने बदलतात, एकमेकांवर इतके साचतात की डोळ्याला फक्त सरासरी कळते. लेझरचा प्रकाश मात्र सुसंगत असतो: एकच रंग, आणि लांबवर टिकणारी एकच लय. त्यामुळे नमुनाही एकच राहतो आणि तो स्थिर असतो.

अर्थात दाणे पाहायला लेझर हवाच असंही नाही. व्हिएन्नाचे कार्ल एक्स्नर यांनी १८७७ मध्ये, श्वास सोडून बाष्प धरवलेल्या काचेतून मेणबत्तीच्या ज्योतीकडे पाहत, उजेडाच्या कड्यांमधल्या रवाळ रेषांचं चित्र काढून ठेवलं होतं. माक्स फॉन लाउए यांनी १९१४ मध्ये लायकोपोडियमच्या भुकटीने असाच नमुना मिळवून त्याचा फोटो घेतला. आणि बंगळूरला १९४३ मध्ये, सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या जी. एन. रामचंद्रन यांनी बारीक कणांमुळे दिव्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयातला ठिपकेदारपणा तपासला आणि त्याची सांगड रॅले यांच्या नियमाशी घातली. हेच रामचंद्रन पुढे कोलॅजेनच्या तिपेडी रचनेसाठी आणि प्रथिनांच्या ‘रामचंद्रन आलेखा’साठी जगभर ओळखले गेले. त्यांचं हे पहिल्या काळातलं काम जीवशास्त्राच्या पुस्तकांत सापडत नाही. सापडण्याचं कारणही नाही, पण प्रकाशशास्त्राच्या आपल्या पुस्तकांनी तरी ते विसरू नये.

लेझर १९६० मध्ये आला. दिसणारा लाल झोत देणारा हेलियम-निऑन लेझर बेल लॅबोरेटरीजमध्ये व्हाइट आणि रिग्डेन यांनी १९६२ मध्ये चालवून दाखवला आणि त्याच वर्षी रिग्डेन यांनी गॉर्डन यांच्यासोबत या प्रकाशाच्या दाणेदारपणावर टिपण छापलं. म्हणजे लाल झोत आणि त्याचे दाणे यांची जन्मवेळ जवळजवळ एकच.

आता होलोग्राफी. डेनिस गाबोर यांनी १९४७-४८ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी गावी ही कल्पना मांडली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्यासाठी. वस्तूवरून आलेल्या लहरीचा नुसता उजेड न टिपता तिची कलाही टिपायची, म्हणजे पुढे तीच लहर जशीच्या तशी पुन्हा उभी करता येईल. कला टिपायची तर तुलनेसाठी दुसरी सुसंगत लहर हवी, आणि त्यासाठीचा प्रकाश गाबोर यांच्याकडे पुरेसा नव्हता. तो लेझरने दिला. मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळेतले एमेट लीथ मूळचे रडारवाले. त्यांनी आणि युरिस उपातनिएक्स यांनी १९६४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम ठेवला, तेव्हा तो पाहायला शास्त्रज्ञांची रांग लागली. काचेमागे खरी गाडी नाही हे पटायला अनेकांना वेळ लागला.

त्याच वर्षीच्या त्यांच्या लेखात एक बारकी युक्ती आहे आणि दाण्यांच्या गोष्टीत ती फार मोठी आहे. पारदर्शक चित्राचा होलोग्राम करताना लेझर सरळ टाकला तर भिंगावरचा धुळीचा प्रत्येक कण आपल्याभोवती कडी उमटवतो आणि चित्र खराब होतं. म्हणून त्यांनी वाटेत घासलेली दुधी काच ठेवली. प्रकाश विखुरला, कडी गेली. वर एक फायदा झाला: चित्रातल्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश होलोग्रामभर पसरला, त्यामुळे होलोग्राम फुटला तरी प्रत्येक तुकड्यातून पूर्ण दृश्य दिसू लागलं. ठरावीक जागी डोळा धरून पाहण्याची सक्तीही संपली. पण दुधी काच म्हणजे लाखो खाचखळगे, आणि खाचखळगे म्हणजे स्पेकल. धुळीची कडी घालवताना दाणे घरात घेतले. आगगाडीसारख्या घन वस्तूला तर दुधी काचही लागत नाही. तिचा स्वतःचा पृष्ठभागच पुरेसा खडबडीत असतो.

दाण्यांचा आकार ठरवतं ते पाहणाऱ्याचं छिद्र: डोळ्याची बाहुली किंवा कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर. छिद्र लहान तर दाणे मोठे. मुठीच्या फटीचं गुपित हेच. बाहुली तीन मिलिमीटर उघडी असेल तर लाल लेझरचा दाणा डोळ्याच्या पडद्यावर सुमारे चार मायक्रॉनचा होतो. पडद्याच्या मध्यभागी उजेड टिपणाऱ्या शंकुपेशी एकमेकींपासून दोन-तीन मायक्रॉनवर असतात. म्हणजे डोळ्याला जितकं बारीक दिसू शकतं, जवळजवळ तितकाच दाणा. तो जरा बारीक असता तर आपल्याला दिसलाच नसता आणि जरा जाड असता तर त्याला टाळून मागचं चित्र पाहणं सोपं गेलं असतं. तो नेमका त्रास होईल एवढाच आहे, आणि हा योगायोग नाही. दोन्हींची मर्यादा एकाच छिद्रातून होणाऱ्या विवर्तनाने, म्हणजे छिद्रातून जाताना लहरी पसरण्याने, ठरते. फुटक्या होलोग्रामच्या छोट्या तुकड्यातून दृश्य रवाळ दिसतं तेही याच कारणाने.

नोबेल मिळण्याच्या आदल्या वर्षी, १९७० मध्ये, गाबोर यांनी आयबीएमच्या संशोधनपत्रिकेत लेझर स्पेकल आणि त्याचं निर्मूलन या विषयावर लेख लिहिला. होलोग्राफीच्या जनकाला सत्तरीत या दाण्यांशी झगडावं लागलं, यावरून त्यांची पीडा समजावी.

उपायांचं सगळं अंकगणित एका नियमात बसतं. एकमेकांशी संबंध नसलेले काही नमुने एकावर एक घातले तर काँट्रास्ट त्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. चार नमुन्यांनी तो निम्मा होतो. शंभर नमुने घातले तर दहा टक्क्यांवर येतो. दाणे डोळ्याला खुपू नयेत यासाठी तो साधारण चार टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. त्याला सहाशे पंचवीस नमुने हवेत. सुरुवातीला भराभर फायदा आणि पुढे नुसती दमछाक, असा हा वर्गमुळाचा स्वभाव आहे. प्रयोगशाळेत पहिले दहा नमुने घेऊन उत्साहात आलेला विद्यार्थी शंभराव्या नमुन्याला खट्टू होतो तो यामुळेच.

हे वेगवेगळे नमुने आणायचे कुठून? सर्वांत जुना मार्ग म्हणजे दुधी काच फिरती ठेवायची. जर्मनीत मार्टिनसेन आणि स्पिलर यांनी १९६४ मध्ये फिरत्या दुधी काचेतून लेझर पाठवून साध्या दिव्यासारखा चंचल प्रकाश बनवला. त्यांचा हेतू दाणे घालवण्याचा नव्हता. प्रकाशातले चढउतार सावकाश करून अभ्यासायचे होते. पण युक्ती सर्वांनी उचलली. काच थांबलेली असेल तर उपयोग शून्य, उलट नुकसानच. फिरत असेल तर डोळा किंवा कॅमेरा एक चित्र टिपतो तेवढ्या वेळात अनेक नमुने येऊन जातात आणि सरासरी उरते.

लेझर प्रोजेक्टर बनवणाऱ्यांना या काचेची मर्यादा लवकर कळली. काच प्रोजेक्टरच्या आत फिरते, पण पडदा स्वतः खडबडीत आणि स्थिर असतो. डोळ्याला पडद्यावरचा जो तुकडा एक बिंदू म्हणून दिसतो, त्याच्या आत प्रोजेक्टरचं भिंग जितके सुटे ठिपके उमटवू शकतं, तितकेच स्वतंत्र नमुने मिळतात. त्यापुढे काच कितीही जोरात फिरवा, दाणे हटत नाहीत. हा हिशेब स्टॅनफर्डच्या जोसेफ गुडमन यांनी नीट मांडून दिला. स्पेकलच्या सांख्यिकीवर त्यांच्याइतकं पक्कं लेखन दुसऱ्या कुणाचं नाही, आणि या विषयात शिरणाऱ्याने त्यांचं २००७ सालचं पुस्तक टाळू नये. मग उपाय? पडदाच हलवायचा. हे विनोदाने म्हणत नाही. लेझर प्रोजेक्टर असलेल्या काही चित्रपटगृहांत पडद्याला मागून बारीक कंपनं देणारी उपकरणं लावतात. प्रेक्षकाला पडदा हललेला कळत नाही, दाण्यांना कळतो.

दुसरा मार्ग रंगाचा. एकाच लेझरऐवजी जरा जरा वेगळ्या तरंगलांबीचे अनेक लेझर एकत्र लावायचे. किती वेगळ्या? ते पडद्याच्या खडबडीतपणावर ठरतं. खाचखळगे शंभर मायक्रॉनचे असतील तर हिरव्या रंगात सुमारे दीड नॅनोमीटरचा फरकही नमुना बदलायला पुरतो. पडदा जितका गुळगुळीत तितका फरक जास्त लागतो. तिसरा मार्ग ध्रुवणाचा: प्रकाशाच्या दोन आडव्या-उभ्या दिशा वापरल्या तर दोन नमुने मिळतात आणि काँट्रास्ट सत्तर टक्क्यांवर येतो. एवढ्यावर कुणाचं पोट भरत नाही, पण साधा पांढरा पडदा हे काम आपोआप करतो. थ्रीडी चित्रपटांसाठीचा चंदेरी पडदा ध्रुवण मोडू देत नाही, म्हणून त्यावर दाणे जास्त जाणवतात.

होलोग्राफीत मात्र यातले बरेच मार्ग गळ्याशी येतात. होलोग्राम घेताना काच फिरवून सुसंगती मोडली तर वस्तूची लहर आणि तुलनेची लहर मिळून उमटणारे व्यतिकरणाचे पट्टेच पुसले जातात, आणि पट्टे नसतील तर होलोग्राम नाही. रोग आणि जीव दोन्ही एकाच मुळात. म्हणून इथल्या चांगल्या युक्त्या तडजोडीच्या आहेत. पोलरॉइडमधल्या स्टीफन बेंटन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘इंद्रधनुषी होलोग्राम’ काढला. तो साध्या पांढऱ्या दिव्यात दिसतो, त्यामुळे लेझरचे दाणे त्यात जवळपास नसतात. त्यासाठी बेंटन यांनी वर-खाली डोकं हलवल्यावर मिळणारी खोली सोडून दिली; डावी-उजवी तेवढी ठेवली. माणसाचे डोळे शेजारी शेजारी असल्यामुळे हा सौदा कुणाला फारसा बोचला नाही. क्रेडिट कार्डावरचे चमचमते होलोग्राम याच घराण्यातले आहेत. या सगळ्या इतिहासातला हा मला सर्वांत शहाणपणाचा व्यवहार वाटतो: सोडायचं काय, हे त्यांनी आधी ठरवलं.

आज होलोग्राम फिल्मवर कमी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जास्त घेतला जातो. गुडमन आणि लॉरेन्स यांनी १९६७ मध्येच संगणकाने प्रतिमा उभी करून दाखवली होती. श्नार्स आणि युप्टनर यांनी १९९४ मध्ये सीसीडी कॅमेऱ्यावर थेट होलोग्राम टिपला आणि फिल्म धुण्याची कटकट संपली. इथे सरासरी सोपी झाली. प्रकाशाचा कोन जरा बदलून एक, पुन्हा बदलून दुसरा, असे अनेक होलोग्राम घ्यायचे, प्रत्येकाची प्रतिमा संगणकात उभी करायची आणि त्यांच्या उजेडाची बेरीज करायची. अट एकच: तोवर वस्तू जागची हलता कामा नये. यंत्राचा सुटा भाग तपासायचा असेल तर ठीक. पोहणारा जिवाणू थांबत नाही.

सुसंगती थोडीच ठेवण्याचा मार्गही आहे. ब्रुसेल्समध्ये फ्रँक द्युब्वा यांच्या गटाने १९९९ मध्ये अर्धवट सुसंगत प्रकाशाचा होलोग्राफिक सूक्ष्मदर्शक मांडला. पट्टे पडण्यापुरती सुसंगती ठेवायची आणि दाणे पडण्याइतकी ठेवायची नाही. येल विद्यापीठात हुई काओ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आरसे नसलेला, अस्ताव्यस्त कणांमध्ये प्रकाश खेळवणारा ‘रँडम लेझर’ वापरून दाणे नसलेली प्रतिमा दाखवली. लेझरचा लखलखाट आणि दिव्याचा गुळगुळीतपणा एका जागी आला. प्रतिमा घेण्यासाठी हे झकास. होलोग्रामसाठी लागणारी लांब सुसंगती मात्र त्याच्याकडून मागता येत नाही.

संगणकाने रचलेल्या होलोग्रामचे चष्मे बनवण्याची शर्यत सध्या लागली आहे, तिथेही हेच दुखणं. वस्तूच्या प्रत्येक बिंदूला मनाला येईल ती कला दिली तर प्रकाश छान पसरतो, खोली खरी वाटते आणि दाणे उसळतात. कला हळूहळू बदलत ठेवली तर दाणे जातात, पण प्रकाश आखडतो. बाहुली जरा सरकली की चित्र नाहीसं होतं. म्हणून एका चित्राच्या जागी वेगवेगळ्या कलांची अनेक चित्रं भरभर दाखवतात. सेकंदाला साठ चित्रं दिसायला हवीत आणि प्रत्येकासाठी चोवीस उपचित्रं घेतली तर पडद्याला सेकंदाला १,४४० वेळा बदलावं लागतं. एवढं करून काँट्रास्ट उतरतो तो वीस टक्क्यांपर्यंत. वर्गमुळाचा स्वभाव पुन्हा आडवा येतो. स्टॅनफर्डच्या एका गटाने २०२१ मध्ये वेगळी वाट धरली: प्रकाशच अर्धवट सुसंगत घेतला, त्यामुळे येणारा पुसटपणा कॅमेऱ्याने मोजला आणि होलोग्रामच्या गणितात आधीच भरून काढला.

प्रतिमा हातात आल्यावर ती संगणकाने धुण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत जपून वापरावा असा. इथला रवा चित्रात मिळवलेला नसतो, चित्राशी गुणलेला असतो: उजळ भागात चढउतार जास्त, अंधाऱ्या भागात कमी. म्हणून आधी लॉगॅरिदम घेऊन गुणाकाराची बेरीज करतात आणि मग गाळणी लावतात. कलेच्या चित्रासाठी आणखी एक खबरदारी लागते. कला ३५९ अंशांवरून थेट शून्यावर उडी मारते; त्या कड्यावर सरळ सरासरी काढली तर उत्तर १८० येतं, जे साफ खोटं आहे. म्हणून तिचे साइन आणि कोसाइन वेगवेगळे गाळून मग कला पुन्हा काढतात. गाळण्याही पिढ्यापिढ्यांनी शहाण्या झाल्या. अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेतले जाँग-सेन ली यांची १९८० ची गाळणी सपाट भागात जोरात पुसते आणि कडा आली की हात आवरते. २००५ ची ‘नॉन-लोकल मीन्स’ चित्रात दुसरीकडे सापडणारे सारखे तुकडे शोधून त्यांची सरासरी काढते. २००७ ची ‘बीएमथ्रीडी’ तीच कल्पना पुढे नेते.

धोका असा की गाळणीला दाणा आणि बारीक खरी खूण यांतला फरक कळत नाही. दोघांचा आकार सारखाच असतो. शिकवलेल्या न्यूरल जाळ्यांनी हे प्रकरण अधिक गोड आणि अधिक फसवं केलं आहे. त्यांना शिकवायला ‘दाणे नसलेली खरी प्रतिमा’ हवी, आणि लेझरच्या प्रयोगात ती मिळत नाही. २०१८ मध्ये ‘नॉइज-टू-नॉइज’ ही पद्धत आली. एकाच दृश्याच्या दोन वेगळ्या रवाळ प्रतिमा समोर ठेवल्या तरी जाळं सरासरी शिकतं, असं तिने दाखवलं. त्यामुळे निदान शिकवण्याची अडचण कमी झाली. तरीही घराच्या भिंतीवर लावायचं चित्र आणि विमानाच्या पात्यातली चीर शोधायचं चित्र यांना एकच गाळणी लावणं हा बेजबाबदारपणा आहे. पहिल्यात जाळ्याने एखादी रेघ स्वतःहून भरली तर बिघडत नाही. दुसऱ्यात माणसं मरतात.

हीच कथा प्रकाशाबाहेरही चालते. सोनोग्राफीच्या पडद्यावरचा करडा रवा म्हणजे ध्वनिलहरींचं स्पेकल. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रं मिळवून यंत्र तो कमी करतं. लीथ ज्या कामातून आले त्या रडारच्या प्रतिमांतही तेच दाणे असतात. २०१२ चा आपला रिसॅट-१ असो की जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार, ढगांतून जमीन पाहणाऱ्या या उपग्रहांच्या प्रतिमा वापरण्याआधी शेजारच्या बिंदूंची सरासरी घेतात. दाणे बसतात, त्या बदल्यात बारकावा जातो.

आणि आता वैऱ्याच्या बाजूनेही दोन शब्द. दाणे म्हणजे कचरा नव्हे; पृष्ठभागाच्या खाचखळग्यांची ती सही असते. पृष्ठभाग केसाच्या शंभराव्या भागाने सरकला तरी सही बदलते. १९७१ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लफबरो इथे बटर्स आणि लेंडर्ट्स यांनी हा बदल टीव्ही कॅमेऱ्याने मोजून वस्तूचे ताण आणि कंपनं पाहण्याची पद्धत बसवली. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये आर. एस. सिरोही यांनी याच विषयावर दीर्घकाळ काम केलं आणि स्पेकलने मोजमाप करण्यावरचा ग्रंथ संपादित केला. आंत्वान लाबेरी यांनी १९७० मध्ये ताऱ्यांच्या थरथरत्या प्रतिमांतले दाणे क्षणभराच्या छायाचित्रांत पकडून वातावरणाने पुसलेला बारकावा परत मिळवण्याची वाट दाखवली. ब्रायर्स आणि फेर्चर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी डोळ्याच्या पडद्याचा लेझर फोटो घेतला. जिथे रक्त वाहतं तिथे रक्तपेशींच्या हालचालीने दाणे पुसट होतात, जिथे नाही तिथे रेखीव राहतात. त्यावरून त्यांनी प्रवाहाचा नकाशा काढला. आता मेंदूच्या पृष्ठभागावरचा रक्तप्रवाहही असाच, काही मिलिसेकंदांच्या फोटोंतून पाहतात. या कामात कुणी आधीच दाणे पुसून दिले तर मोजायला काही उरतच नाही.

म्हणून प्रयोगशाळेत, रुग्णालयात किंवा कारखान्यात लेझरच्या प्रतिमा हाताळणाऱ्या वाचकांना एक विनंती. अहवालात गुळगुळीत केलेलं चित्र खुशाल लावा, पण ते कोणत्या गाळणीतून काढलं, किती नमुन्यांची सरासरी घेतली, हे खाली लिहा. आणि कॅमेऱ्याने टिपलेली मूळ रवाळ फाइल खोडू नका.